खोक्याच्या भावापेक्षा ठोकळ्यांच्या मापांविषयी लिहा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

लेगोसारख्या ठोकळ्यांच्या रचना करणाऱ्या मोठ्या माणसांविषयी वृत्तपत्रांत अधूनमधून छापून येते, पण त्यात बहुधा दोनच गोष्टी सापडतात. न उघडलेला एखादा सेट काही वर्षांनी किती पटीने विकला गेला, ही एक. आणि एवढी मोठी माणसे खेळण्यात कशी रमतात याचे नवल, ही दुसरी. रचना कशी होते, ती कुठे फसते, दहा जण मिळून एक टेबल कसे उभे करतात, यावर ओळही नसते. छंद तर तिथेच आहे. म्हणून हे थोडे लांबलेले पत्र.

१९३२ साली डेन्मार्कमधील बिलुंड येथे ओले कर्क क्रिस्टियनसन यांच्या लाकडी खेळण्यांच्या कारखान्यातून लेगो ही कंपनी उभी राहिली. आजच्या ठोकळ्याचा जन्म मात्र २८ जानेवारी १९५८ चा. त्या दिवशी पेटंटसाठी दाखल झालेल्या नमुन्यात ठोकळ्याच्या पोटात पोकळ नळ्या होत्या. वरच्या गोल खुंट्या, म्हणजे स्टड, या नळ्या आणि भिंती यांच्यामध्ये घट्ट धरल्या जातात. पकड तिथून येते. १९६३ पासून एबीएस हे प्लास्टिक वापरात आले. त्याआधीचे सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे ठोकळे कालांतराने वाकतात, त्यामुळे फार जुना साठा हाती आला तर तो भार घेणाऱ्या जागी वापरू नये. खोक्यांवर '१८ वर्षांपुढील' असा ठसा कंपनीने २०२० मध्ये ठळकपणे आणला खरा, पण मोठी माणसे त्याच्या कितीतरी आधी संघटित झाली होती.

या छंदाचा गाभा म्हणजे मापे. दोन स्टडच्या केंद्रांमधले अंतर ८ मि.मी., नेहमीच्या ठोकळ्याची, म्हणजे ब्रिकची, उंची ९.६ मि.मी., पातळ ठोकळ्याची, म्हणजे प्लेटची, उंची ३.२ मि.मी. म्हणजे तीन प्लेटा मिळून एक ब्रिक. इतके मुलांनाही ठाऊक असते. पुढचे गणित मोठ्यांना भुरळ घालते: पाच प्लेटांची उंची १६ मि.मी. भरते आणि दोन स्टडची रुंदीही १६ मि.मी. असते. पाच ब्रिकची उंची ४८ मि.मी., म्हणजे बरोबर सहा स्टड. उभे माप आणि आडवे माप इथे एकमेकांना भेटतात, आणि म्हणूनच ठोकळा आडवा फिरवून भिंतीत बसवता येतो.

याची खात्री पाच तुकड्यांत पटते. २×२ च्या चार प्लेटा एकावर एक ठेवा आणि वर २×२ ची टाइल, म्हणजे स्टड नसलेली गुळगुळीत प्लेट, लावा. हा १६ मि.मी.चा घन झाला. भिंतीत दोन स्टड रुंद आणि पाच प्लेटा उंच, म्हणजे एक ब्रिक अधिक दोन प्लेटा इतकी पोकळी गुळगुळीत तळावर सोडा. घन सरळ घातला तरी बसतो, कुशीवर घातला तरी बसतो. तो अडकत नाही, कारण प्रत्येक ठोकळा नाममात्र मापापेक्षा किंचित लहान असतो: २×४ ची ब्रिक ३२×१६ नव्हे, ३१.८×१५.८ मि.मी. असते. या ०.२ मि.मी.च्या सवलतीवर सगळी आडवी रचना उभी आहे. मंडळी तिला 'स्नॉट' म्हणतात, म्हणजे स्टड वरच्या बाजूला नसलेली रचना.

आता तीच पोकळी तीन स्टडच्या आडव्या तुकड्यासाठी करून पाहा. तीन स्टड म्हणजे २४ मि.मी., आणि २४ ला ३.२ ने भागले की साडेसात प्लेटा येतात. अर्धी प्लेट मोकळी राहते किंवा अर्धी जास्त होते. नवख्या माणसाच्या भिंतीत बारीक फट दिसते ती बहुतेक वेळा हीच. म्हणून आडव्या तुकड्याची रुंदी आधीच दोन, चार किंवा सहा स्टड धरावी. चार स्टडना दहा प्लेटा लागतात, सहांना पंधरा.

अर्ध्या प्लेटेचे माप, म्हणजे १.६ मि.मी., दुसरीकडे मात्र फार उपयोगी पडते. ब्रॅकेट नावाच्या काटकोनी तुकड्याचा उभा पत्रा १.६ मि.मी. जाडीचा असतो. ज्या १×१ ब्रिकला 'हेडलाइट' म्हणतात (क्रमांक ४०७०) तिचा बाजूचा स्टड १.६ मि.मी. आत बसवलेला असतो, त्यामुळे त्यावर लावलेली टाइल भिंतीबाहेर अर्धी प्लेटच डोकावते. साध्या बाजूस्टडच्या ब्रिकवर (क्रमांक ८७०८७) तीच टाइल पूर्ण प्लेटभर पुढे येते. खिडकीची चौकट, दगडी पट्टी, जाहिरातीची पाटी यांना उठाव द्यायचा तो या फरकातून. रुंदीत अर्ध्या स्टडने, म्हणजे ४ मि.मी.ने सरकायचे असेल तर जंपर घ्यावा: दोन स्टडची प्लेट, पण मधोमध एकच स्टड.

मापात बसते ते सगळेच करावे असे नाही. दोन शेजारी स्टडमधली मोकळी जागा ८ वजा ४.८, म्हणजे ३.२ मि.मी. असते आणि प्लेटची जाडीही ३.२. म्हणून प्लेट उभी करून स्टडच्या मध्ये दाबण्याचा मोह होतो. इथे सवलत शून्य आहे. ती बसते, पण स्टड सतत बाहेर ढकलले जातात. ताण महिनोन्‌महिने राहिला की पकड सैल पडते, नाहीतर बारीक तडा जातो. कंपनीतले रचनाकार जेमी बेरार्ड यांनी २००६ मध्ये अशा ताण देणाऱ्या जोडण्यांवर एक सचित्र सादरीकरण केले होते. अनुभवी मंडळी अजून त्याचा दाखला देतात. आमच्या मते 'चालते आहे ना?' हा प्रश्नच चुकीचा. जोड सोडवताना बोटांना लागला तितकाच जोर बसवताना लागला का, हे पाहावे. बसवताना जास्त लागला असेल तर ती जोडणी मोडून दुसरी शोधावी.

भिंतीला गवंड्याचाच नियम लागू होतो: सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. खालच्या थरात जिथे दोन ब्रिक भेटतात तिथे वरची ब्रिक आडवी पडली पाहिजे. बारा-पंधरा थरांहून उंच भिंतीत प्रत्येक पाच-सहा थरांनंतर एक सलग लांब प्लेट घालावी. उचलून न्यायच्या मोठ्या रचनेला तेवढे पुरत नाही, तिथे टेक्निकची, म्हणजे यंत्ररचनेच्या मालिकेतली, भोके असलेली ब्रिक कामी येते. अशा दोन ब्रिकच्या मध्ये दोन प्लेटा ठेवल्या की वरच्या आणि खालच्या भोकांमधले अंतर ९.६ अधिक ६.४, म्हणजे १६ मि.मी. होते. उभ्या टेक्निक पट्टीच्या भोकांशी ते जुळते आणि दोन खिळ्यांनी सगळे थर एकत्र कुलूपबंद होतात. मधल्या दोन प्लेटा विसरल्या तर अंतर ९.६ राहते आणि खीळ भोकात जातच नाही. टेक्निकला हात घालणाऱ्याची पहिली चूक बहुधा हीच असते.

सुरुवात कुठून करावी, हा प्रश्न नेहमी येतो आणि उत्तर म्हणून मोठ्या, महागड्या सेटकडे बोट दाखवले जाते. आम्ही उलट सांगतो. साध्या तुकड्यांचा मध्यम सेट घ्या, सूचनेप्रमाणे एकदा करा, मोडा, आणि त्याच तुकड्यांतून दुसरे काहीतरी करा. मग ८×८ स्टडचा देखावा घ्यावा. तळाला एकच ८×८ प्लेट, म्हणजे ६४ मि.मी.चा चौकोन, आणि त्यावर दोन बाजूंनी इंग्रजी एल आकाराची सहा ब्रिक उंच भिंत. लहान माणूस, म्हणजे १९७८ पासूनची मिनिफिगर, साधारण ४ सें.मी. उंच असते, त्यामुळे सहा ब्रिकची भिंत तिला प्रमाणात शोभते. भिंतीची लांबी आठ अधिक सात, म्हणजे पंधरा स्टड. १×४ च्या ९ ब्रिक, १×२ च्या २४ आणि १×१ च्या ६ लागतात. एका थरात दोन १×४, तीन १×२, एक १×१. पुढच्यात एक १×४, पाच १×२, एक १×१. असे आलटूनपालटून लावले की सांधेही मोडतात. कोपऱ्यावर एका थरात या भिंतीची ब्रिक पुढे न्यायची, दुसऱ्या थरात त्या भिंतीची. शिवाय १×२ च्या २० टाइल, ६ ब्रॅकेट, ६ जंपर, ६ हेडलाइट आणि बाजूस्टडच्या १० ब्रिक जवळ ठेवाव्या. एवढ्या मूठभर साहित्यात वर सांगितलेले जवळजवळ सगळे करून पाहता येते.

तुकडे वाढले की वर्गवारी येते आणि इथे बहुतेक जण रंगांपासून सुरुवात करतात. काळ्या डब्यात काळी १×१ टाइल शोधायला बसले की ही पद्धत का फसते ते कळते. एकाच रंगातले शंभर आकार डोळ्याला वेगळे करता येत नाहीत, पण एकाच आकारातले दहा रंग क्षणात दिसतात. म्हणून वर्गवारी आकाराने करावी. दोन-तीन हजार तुकड्यांपर्यंत आठ डबे पुरतात: ब्रिक, प्लेटा, टाइल, उतार, बाजूस्टड आणि ब्रॅकेट, टेक्निक, गोल तुकडे, बाकी किरकोळ. एखादा डबा भरून वाहू लागला की त्याचेच दोन करावे. सगळे डबे पहिल्या दिवशी विकत आणू नयेत, कारण कोणता आकार वाढणार हे रचनाच ठरवते. काम पांढऱ्या उजेडात करावे. पिवळ्या दिव्याखाली गडद निळा आणि काळा हमखास गल्लत करतात.

सुटे तुकडे मागवताना क्रमांक माहीत असणे फार सोयीचे. बहुतेक तुकड्यांच्या पोटात तो बारीक अक्षरांत कोरलेला असतो: २×४ ब्रिक ३००१, १×२ ब्रिक ३००४, २×४ प्लेट ३०२०, १×२ प्लेट ३०२३. जगभरचे विक्रेते एकत्र आणणारी ब्रिकलिंक ही बाजारपेठ २००० साली एका छंदिष्टाने, डॅन जेझेक यांनी सुरू केली. २०१९ मध्ये कंपनीने ती विकत घेतली. तिथे पैसा वाया जातो तो तुकड्यांच्या किमतीपेक्षा टपालखर्चात. दहा विक्रेत्यांकडून थोडे थोडे घेण्यापेक्षा यादी करून दोन-तीन विक्रेत्यांत बसवावी, आणि लहान तुकडे गरजेपेक्षा दहातला एक जास्त मागवावे.

जुना साठा मिळाला तर दोन गोष्टी तपासा. २००४ च्या सुमारास कंपनीने करड्या आणि तपकिरी रंगांच्या छटा बदलल्या. जुना करडा किंचित पिवळट, नवा निळसर. एकाच भिंतीत मिसळले की ठिगळ दिसते. किल्ल्याच्या किंवा खडकाच्या रचनेत हीच मिसळ मुद्दाम करता येते, आणि ती छान दिसते. दुसरी गोष्ट म्हणजे तांबूस तपकिरी आणि गडद लाल तुकडे. काही वर्षांच्या उत्पादनात ते ठिसूळ निघाले. सोडवताना चिमट्याचे तुकडे आणि बारीक प्लेटा सटकन तुटतात. असे तुकडे नंतर काढावे लागणार नाहीत अशा ठिकाणी बसवावे.

धुण्यासाठी ४० अंश सेल्सियसच्या आतले कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरतो. जाळीच्या पिशवीत घालून हलवावे, मग टॉवेलवर पसरून वाऱ्यावर सुकू द्यावे. केस वाळवायचे यंत्र किंवा कडक ऊन नको, ठोकळे वाकतात. स्टिकरचे, छापील आणि विजेचे तुकडे आधी बाजूला काढावे. उन्हातल्या अतिनील किरणांनी पांढरे आणि निळे ठोकळे पिवळे पडतात. हायड्रोजन पेरॉक्साइडने रंग परत येतो, पण तो टिकेलच असे नाही, म्हणून मांडणी खिडकीपासून दूर हे उत्तम. चिकटलेल्या प्लेटा सोडवायला दात किंवा सुरी वापरू नये. दोन सारख्या प्लेटा सुटत नसतील तर वर एक ब्रिक आणि खाली एक ब्रिक घट्ट बसवा, म्हणजे धरायला जागा मिळते, आणि एका टोकाकडून झुलवत उघडा. टाइलच्या तळाशी बारीक खाच असते. ठोकळे सोडवण्याच्या पट्टीची धार तिथे घालायची.

संगणकावर आधी आराखडा करणे आता सर्रास झाले आहे. याची सुरुवात कंपनीने केली नाही. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातील जेम्स जेसिमन या तरुणाने एलड्रॉ ही प्रणाली लिहिली. १९९७ मध्ये तो गेला, पण लोकांनी तुकड्यांचे भांडार वाढवत नेले. त्यातले एकक ०.४ मि.मी.चे: स्टडचे अंतर २० एकके, ब्रिक २४, प्लेट ८. दशांशाची कटकट एका फटक्यात मिटली. पडद्यावरची रचना प्रत्यक्षात फसते ती मुख्यतः दोन कारणांनी. निवडलेला तुकडा त्या रंगात कधी तयारच झालेला नसतो. आणि पडद्यावर वजन नसल्याने एका स्टडवर लोंबणारा सज्जा तिथे निवांत लोंबत राहतो. खरेदीची यादी पाठवण्याआधी अशा जागा हातातल्या कोणत्याही रंगाच्या ठोकळ्यांनी करून पाहाव्या.

आणि आता टेबल. एकट्याने रचणाऱ्याला समूहाची गरज इथे भासते. दहा जणांनी घरी केलेले दहा चौकोन प्रदर्शनात एका नगरासारखे जुळायचे असतील तर तळ ठरलेला हवा. प्रचलित पद्धत अशी: ३२×३२ ची बेसप्लेट, म्हणजे २५६ मि.मी.; तिच्यावर एक ब्रिक उंच थर, आणि वर प्लेटांचे आच्छादन. कडेच्या चौकटीला १२४ स्टड लागतात, म्हणजे १×४ च्या ३० आणि १×२ च्या २ ब्रिक. त्यांतल्या प्रत्येक बाजूच्या ठरलेल्या जागांवर साध्या ब्रिकऐवजी टेक्निकची ब्रिक घालायची, म्हणजे शेजारचा चौकोन खिळीने जोडता येतो. आच्छादनाला ८×१६ च्या आठ प्लेटा बरोबर पुरतात. चार प्लेटांचे कोपरे जिथे एकत्र येतात अशा तीन जागा मधल्या रेषेवर पडतात. तिथे खाली २×४ च्या ब्रिकचा आधार नसेल तर बोट टेकताच जमीन खचते. एवढा खटाटोप का, तर बेसप्लेट पातळ असते, तिच्या कडा उचलल्या जातात आणि तिला खालून काहीच जोडता येत नाही. वरचा ब्रिकचा थर तिला सपाट धरतो, आणि त्याच उंचीत नदी किंवा गटारही खोदता येते.

रेल्वे असेल तर आधी तिची जागा आखावी, घरे नंतर. सरळ रूळ आठ स्टड रुंद आणि सोळा स्टड लांब, म्हणजे एका चौकोनात दोन. नेहमीच्या वळणाची त्रिज्या रुळाच्या मध्यापर्यंत ४० स्टड. काटकोनाला चार तुकडे, पूर्ण वर्तुळाला सोळा. वर्तुळ ८८ स्टड, म्हणजे ७०४ मि.मी. रुंद होते. लांब डबा वळणावर आतल्या बाजूला मधोमध आणि बाहेरच्या बाजूला टोकांशी फुगतो. म्हणून फलाट कायम करण्याआधी सर्वांत लांब डबा हाताने ढकलून पाहावा. प्रदर्शन उघडल्यावर खांब पाडत जाणारी गाडी दुरुस्त करायला वेळ नसतो.

घरे मजल्यामजल्याने सुटतील अशी करावी. मजल्याच्या वरच्या कडेला टाइल लावून फक्त तीन-चार स्टड उघडे ठेवले की वरचा मजला सरकत नाही आणि सहज उचलतो. सगळे स्टड उघडे ठेवले तर उचलताना खालच्या भिंतीच निघून येतात.

इतर कंपन्यांच्या ठोकळ्यांबद्दल समूहांत वाद होतात. मूळ पेटंटची मुदत कधीच संपली. ठोकळ्याच्या आकारावर व्यापारचिन्ह म्हणून हक्क सांगता येणार नाही, असे युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये ठरवले. त्यामुळे जुळणारा ठोकळा बनवणे गैर नाही, आणि आज त्यांतले काही उत्तम पकड देतात. दुसऱ्याच्या रचनेची हुबेहूब नक्कल खोक्यात घालून विकणे मात्र वेगळी गोष्ट आहे. ती चोरीच आहे. ज्याने कोपऱ्याचा एक वळसा सोडवायला महिना घातला, त्याचे नाव रचनेच्या पाटीवर असलेच पाहिजे. सामायिक टेबलासाठी तळ आणि भार घेणारे भाग एकाच कंपनीचे ठेवावे. पकड कमीजास्त झाली की जोडणीच्या रेषेतच सगळे सुटते.

बंद खोके माळ्यावर ठेवून भाव वाढण्याची वाट पाहणाऱ्यांवर आमचा राग नाही. पण त्याला या छंदाचे नाव देऊ नये. कोपनहेगन विद्यापीठातील गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी संगणकाने मोजून दाखवले की २×४ च्या एकाच रंगाच्या दोन ब्रिक २४ प्रकारांनी जुळतात, तीन ब्रिक १,०६० प्रकारांनी, आणि सहा ब्रिक ९१,५१,०३,७६५ प्रकारांनी. कित्येक वर्षे सांगितला जाणारा जुना आकडा, १०,२९,८१,५००, फक्त सहा थर उंच मनोऱ्यांचा होता. सहा साध्या ब्रिक. त्याही उघड्या खोक्यातल्या.

विनंती एवढीच. आपल्या पुरवणीत शब्दकोडे आणि बुद्धिबळाचा डाव नियमित येतो. त्यांच्याशेजारी महिन्यातून एकदा रचनेचे एक छोटे कोडे द्यावे: मोजके तुकडे, एक आकृती, पुढच्या महिन्यात उत्तर. पहिले कोडे लगेच देतो. भिंतीतला एक भाग एक स्टड आत घेतला आहे, म्हणजे ८ मि.मी. खोल कोनाडा झाला आहे. तो समोरून गुळगुळीत टाइलने असा बुजवायचा की टाइल भिंतीशी तंतोतंत सपाट यावी. स्टडकडून मोजले तर दोन प्लेटांची जाडी १.६ मि.मी. कमी पडते, तीन घेतल्या तर १.६ मि.मी. बाहेर येतात. फक्त तीन प्रकारचे तुकडे वापरायचे आहेत, आणि तिघांचीही मापे या पत्रात आली आहेत.

आपले,
ठोकळ्यांच्या रचना करणारे काही वाचक